दाद न देणारी गाठ

"औषध आता लागू पडून नाही राहिलं." नागपूरच्या रामदासपेठेत कॅन्सरच्या दवाखान्यांबाहेर हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून हमखास ऐकू येतं. सेंट्रल बाजार रोड आणि पलीकडची धंतोली इथे अख्ख्या विदर्भाचं, शिवाय बालाघाट-छिंदवाड्याचंही दुखणं येऊन उतरतं. यवतमाळहून किंवा गोंदियाहून आलेल्या माणसाच्या हातात पिशवी असते आणि पिशवीत फाईल. फाइलीच्या पहिल्या पानावर बायोप्सीचा रिपोर्ट. त्यामागे किमोच्या एकेका सायकलची नोंद, पांढऱ्या पेशी घटल्या म्हणून पुढे ढकललेली तारीख, मग सीटी किंवा पेट स्कॅन, आणि त्यानंतर एकदम नव्या औषधाचं नाव. जुनं औषध बंद झालं आणि नवं सुरू झालं, या दोन पानांच्या मधे बहुतेक वेळा काहीच नसतं. गाठीने आधीच्या औषधाला दाद का दिली नाही, हे त्या फाइलीत सापडत नाही, कारण गाठ पुन्हा तपासलेलीच नसते.

या मधल्या कोऱ्या पानाबद्दल मला बोलायचं आहे. पेशीतलं एखादं जनुक ठरवून गप्प करण्याचं तंत्र आज हाताशी आहे. कॅन्सरची गाठ ज्या जनुकांच्या बळावर किमोला पुरून उरते, तीच जनुकं गप्प करावीत आणि जुनं, स्वस्त औषध पुन्हा लागू पडावं, ही कल्पना मला मनापासून पटते. पण कोणतं जनुक बोलतंय हे न तपासता ते गप्प करायला निघणं म्हणजे कीड कोणती हे न पाहता फवारणी करणं. आणि कीड औषधाला कशी पुरून उरते, हे विदर्भाने आपल्या शेतात पाहिलं आहे.

२००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. २००९-१० च्या सुमारास गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देईनाशी झाली. आणखी काही वर्षांत ती दुसऱ्यालाही पुरून उरली आणि २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यासह विदर्भाच्या कापूसपट्ट्यात वरून चांगली दिसणारी बोंडं आतून पोखरलेली निघाली. बीटीने अळीला काही शिकवलं नव्हतं. असंख्य अळ्यांमधे ज्या थोड्या जन्मतःच वेगळ्या होत्या त्या वाचल्या आणि पुढची पिढी त्यांची झाली. बियाण्यासोबत 'रेफ्युजी'चं वेगळं पाकीट यायचं. शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या, म्हणजे बीटीला बळी पडणाऱ्या अळ्याही थोड्या जगतील आणि प्रतिकारी अळ्यांची संतती त्यांच्यात मिसळून जाईल, असा त्यामागचा हिशेब. बहुतेकांनी ते पाकीट पेरलंच नाही. आणि तरीही एक गोष्ट नागपूरच्या बाजूने सांगितली पाहिजे: इथल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने अळीचा हा प्रतिकार वर्षानुवर्षं, जिल्ह्याजिल्ह्यांतून अळ्या गोळा करून मोजला. माणसाच्या गाठीचा प्रतिकार तितक्याच नेमाने मोजण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

गाठीत घडतं ते जवळपास हेच. एक सेंटिमीटरच्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. किमो बहुतेकींना मारते, गाठ आकसते, घरात पेढे वाटले जातात, आणि उरलेल्या मूठभर पेशी वाढू लागतात. काही पेशी औषध आत येऊ देत नाहीत, काही आलेलं बाहेर फेकतात, काही औषधाने मोडलेला डीएनए दुरुस्त करतात. काहींमधे डीएनए मोडलेला असूनही पेशीला मरणाचा आदेशच पोचत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अंडाशयाच्या कॅन्सरमधल्या मूळपेशींसारख्या पेशी वेगळ्या काढून दाखवल्या, त्या कामामुळे या उरलेल्या पेशींकडे आपल्या देशात नीट लक्ष गेलं.

औषध बाहेर फेकणारं प्रथिन सर्वांत आधी सापडलं. १९७६ साली कॅनडात रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांनी औषधाला न जुमानणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर ते ओळखलं आणि त्याला पी-ग्लायकोप्रोटीन नाव दिलं. डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल ही एकमेकांशी रासायनिक नातं नसलेली औषधं हे एकटं प्रथिन पेशीबाहेर काढतं. साहजिकच पुढची पंचवीस-तीस वर्षं त्याला अडवणाऱ्या गोळ्यांचा शोध चालला. व्हेरापामिल झालं, व्हॅल्स्पोडार झालं, टॅरिक्विडार झालं. एकही उपचार म्हणून टिकलं नाही. हेच प्रथिन आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही पहाऱ्यावर असतं. ते सगळीकडे अडवलं की किमोचं विष निरोगी अवयवांत साचतं. शिवाय ज्या पेशंटच्या गाठीत हे प्रथिन मुळात फारसं नव्हतं, त्यांनाही सरसकट ती गोळी दिली गेली.

नागपूरच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरमधे औषधांपैकी मुख्य आधार सिस्प्लॅटिनचा. सिस्प्लॅटिन पी-ग्लायकोप्रोटीनच्या वाटेने बाहेर जातच नाही. म्हणजे औषधरोधाच्या जनुकांत जे सर्वांत प्रसिद्ध, ज्याला गप्प केल्याचे असंख्य शोधनिबंध प्रसिद्ध झाले, ते गप्प करणं सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळून चघळून ज्याचा जबडा उघडेनासा झाला त्या माणसाच्या सिस्प्लॅटिनला काडीचाही आधार देणार नाही. त्याच्या गाठीत दुसरंच काही चाललेलं असतं: प्लॅटिनम आत घेणारं प्रथिन कमी झालेलं, ग्लुटाथायोन त्याला वाटेतच निकामी करणारं, किंवा डीएनए दुरुस्तीची यंत्रणा जोरात चाललेली.

आता जनुक गप्प करणं म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. जनुकातला मजकूर आधी संदेशवाहक आरएनएवर उतरतो आणि त्यावरून प्रथिन तयार होतं. १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीमधे दुपदरी आरएनए सोडला तेव्हा त्याच्याशी जुळणाऱ्या जनुकाचं प्रथिन नाहीसं झालं. त्या कामाला २००६ चं नोबेल मिळालं. २००१ साली थॉमस टुश्ल यांच्या गटाने साधारण २१ अक्षरांचा छोटा दुपदरी तुकडा सस्तन प्राण्यांच्या पेशींतही हेच करतो हे दाखवलं. हा तुकडा पेशीत शिरला की त्याचा एक पदर टाकून दिला जातो. दुसरा पदर आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो, पेशीतला आपल्याशी जुळणारा संदेश शोधतो आणि आर्गोनॉट तो संदेश बरोबर ठरलेल्या जागी कापतो. कापून झालं की तोच पदर पुढच्या संदेशाकडे वळतो. गोळीला प्रथिनावर धरायला खाच लागते. इथे फक्त अक्षरांचा क्रम माहीत असावा लागतो. ज्या प्रथिनांवर रसायनशास्त्रज्ञांनी हात टेकले, त्यांच्यापर्यंत पोचायची ही वाट आहे, आणि म्हणून मी तिच्याबद्दल आशा धरून आहे.

रोधक जनुक गप्प झालं तर जुनं औषध खरंच लागू पडतं का? याचा माणसातला सर्वांत भक्कम पुरावा कोणत्याही इंजेक्शनने दिलेला नाही, तो निसर्गाने दिला आहे. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमात टेमोझोलोमाइड डीएनएवर एक छोटा रासायनिक गट चिकटवतं आणि एमजीएमटी नावाचं प्रथिन तो उपटून टाकतं. काही पेशंटांच्या गाठीत हे जनुक आपोआपच गप्प झालेलं असतं. मोनिका हेगी आणि रॉजर स्टुप यांच्या गटाने २००५ साली त्यांचे निकाल वेगळे मांडले. जनुक गप्प असलेल्यांत रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड दिल्यावर मध्यक आयुष्य २१.७ महिने होतं, केवळ रेडिएशनवर १५.३. जनुक जागं असलेल्यांत हेच आकडे १२.७ आणि ११.८ होते. म्हणजे औषध तेच, आजार तोच, आणि ते लागू पडणार की नाही याचा बराचसा निकाल एका जनुकाच्या मौनावर ठरला. औषधरोध हटवता येतो यावर माझा विश्वास आहे तो या आकड्यांमुळे. मात्र हेच एमजीएमटी औषधाने अडवायला गेलेल्या डॉक्टरांना अस्थिमज्जेने रोखलं, कारण तिथल्या निरोगी पेशींनाही तीच दुरुस्ती लागते. गाठीतलं जनुक गप्प हवं आणि मज्जेतलं जागं. सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

माणसाने स्वतः केलेले मोठे प्रयत्न पाहिले तर निकाल कडू आहे. बीसीएल-२ या पेशीला मरू न देणाऱ्या जनुकाविरुद्धचं ओब्लिमर्सेन मेलानोमात किमोसोबत वापरलं गेलं आणि २००४ साली अमेरिकेच्या सल्लागार समितीसमोर टिकलं नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरमधे डॉसेटॅक्सेलला साथ म्हणून क्लस्टरिन गप्प करणारं कस्टर्सेन हजारावर पेशंटांच्या चाचणीत गेलं, आयुष्य वाढलं नाही. ही दोन्ही औषधं एकपदरी तुकड्यांची, थोड्या जुन्या पद्धतीची होती. पण यावरून 'जनुक गप्प करण्यात अर्थ नाही' असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझा वाद आहे. त्याच बीसीएल-२ ला अडवणारी व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी २०१६ मध्ये मंजूर झाली आणि रक्ताच्या कॅन्सरमधे तिने उपचारांची दिशा बदलली. म्हणजे नेम चुकीचा नव्हता, बाण गाठीपर्यंत पुरेशा जोराने पोचला नसावा.

पोचण्याची अडचण फार खोल आहे. २०१८ मध्ये पॅटिसिरान हे दुपदरी तुकड्याचं पहिलं औषध मंजूर झालं. पुढे गिवोसिरान, लुमासिरान, कोलेस्टेरॉलसाठीचं इनक्लिसिरान आली. या सगळ्यांचं काम यकृतात चालतं, कारण हे तुकडे गुंडाळलेले रक्तातले सूक्ष्मकण यकृत सहज गोळा करतं आणि यकृताच्या पेशींवर एका विशिष्ट साखरेला धरणारे ग्राही भरपूर असतात. कॅन्सरसाठी असं एकही औषध अजून मंजूर नाही. २०१० साली मार्क डेव्हिस यांच्या गटाने शिरेतून दिलेले सूक्ष्मकण मेलानोमाच्या गाठीत पोचून ठरलेला संदेश कापतात हे पेशंटांच्या बायोप्सीत दाखवलं खरं, पण तिथून औषधापर्यंतचा रस्ता झाला नाही. कण पेशीत शिरले तरी ते ज्या पिशवीत अडकतात तिच्यातून शंभरातले एक-दोन तुकडेच निसटतात. इनक्लिसिरानचा डोस वर्षातून दोनदा पुरतो, कारण यकृताच्या पेशी क्वचितच विभागतात. कॅन्सरची पेशी सतत विभागते आणि दर विभाजनात आतला साठा अर्धा होतो.

आणि समजा, पोचलं. पुढे काय? मक्याची मुळं खाणाऱ्या किड्याविरुद्ध अमेरिकेत दुपदरी आरएनएचं वाण तयार झालं, तेव्हा २०१८ मध्ये संशोधकांनी या तंत्राला न जुमानणारे किडेही निवडून काढले. त्या किड्यांनी एका जनुकापुरता बचाव केला नव्हता, दुपदरी आरएनए आतड्यात शिरूच देणं बंद केलं होतं. त्यामुळे जनुक बदलून नवा तुकडा दिला तरी उपयोग नव्हता. आपल्या बोंडअळीचं उदाहरण तर उलट्या बाजूने डोळे उघडणारं आहे. दोन जनुकांच्या बीटीला पुरून उरलेल्या, भारतातल्या शेतांतूनही गोळा केलेल्या अळ्यांत एबीसीए२ नावाचं जनुक बिघडलेलं आढळलं. पी-ग्लायकोप्रोटीन ज्या कुळातलं, त्याच कुळातलं हे प्रथिन. गाठीत त्या कुळातलं एक प्रथिन जास्त झाल्याने औषध हरतं, अळीत दुसरं निकामी झाल्याने विष हरतं. कॅन्सरही ही दुसरी वाट वापरतो. अंडाशयाच्या गाठीत एमएलएच१ हे जनुक गप्प होतं आणि प्लॅटिनमने झालेलं नुकसान पेशीला जाणवेनासं होतं. अशा गाठीत गप्प झालेलं जनुक जागं करावं लागेल, आणखी एक गप्प करून भागणार नाही. फाइलीतलं ते मधलं पान भरल्याशिवाय या दोन गाठींतला फरक कळणार कसा?

फुप्फुसाच्या कॅन्सरमधे ते पान भरायला सुरुवात झाली आहे. जेफिटिनिब लागू पडेनासं झालं की टी७९०एम हा बदल झालाय का ते पुन्हा बायोप्सी करून किंवा रक्तातून तपासतात आणि असला तर ओसिमर्टिनिब देतात. पुढे गाठ त्यालाही चुकवते, पण तोवर माणूस घरी, कामावर, लेकरांत असतो. तोंडाच्या कॅन्सरला अशी एकही पायरी मिळालेली नाही. विदर्भाने हा अन्याय मुकाट्याने सोसू नये.

औषधरोधाच्या खात्यात आपण एक चुकीची नोंदही करतो. पेरणीच्या दिवसांत सायकल चुकते, घरात नेणारं कुणी नसतं, तीन आठवड्यांचे सहा होतात. कागदावर 'किमोला प्रतिसाद नाही' असं लिहिलं जातं, पण त्या गाठीला औषध नीट मिळालेलंच नसतं. टाटा मेमोरियलच्या विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी याचं भान ठेवून चाचणी आखली. पुन्हा उलटलेल्या किंवा ऑपरेशनपलीकडे गेलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमधे त्यांनी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या स्वस्त गोळ्या घरीच, कमी डोसात, नेमाने दिल्या आणि शिरेतल्या सिस्प्लॅटिनशी तुलना केली. २०२० मधे आलेल्या निकालात मध्यक आयुष्य गोळ्यांवर ७.५ महिने आणि सिस्प्लॅटिनवर ६.१ महिने होतं. पुढे अशाच गोळ्यांच्या जोडीला निव्होलुमॅबचा अवघा २० मिलिग्रॅमचा डोस दिला तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. आपल्या पेशंटला पाहून, त्याच्या खिशाला आणि प्रवासाला धरून विज्ञान करता येतं, याचा हा पुरावा आहे. जनुकांच्या उपचाराचीही आखणी इथूनच व्हावी.

तोंडाचा कॅन्सर हे विदर्भाचं दुर्दैव, पण ते इथे विज्ञानाच्या उपयोगी पडू शकतं, असं मला फार वाटतं. शिरेतून दिलेले कण यकृत गिळतं. पण गालातली किंवा जिभेवरची गाठ डोळ्यांना दिसते, बोटाला लागते, तिच्यात सुई थेट घालता येते. पोचण्याची जी अडचण बाकी कॅन्सरमधे डोंगराएवढी, ती इथे सर्वांत कमी आहे. तोंडाच्या कॅन्सरमधे ऑपरेशन ठरल्यावर तारीख मिळेपर्यंत थोडे दिवस जातात. ऑपरेशन न लांबवता, पेशंटच्या संमतीने, त्या दिवसांत गाठीत ठरलेल्या जनुकाविरुद्धचा तुकडा टोचावा. गाठ नंतर निघणारच आहे. ती निघाल्यावर तपासावं: संदेश खरंच कापला गेला का, गाठीच्या कोणत्या भागात, किती पेशींत, शेजारच्या निरोगी पेशींचं काय झालं. आणि त्याच गाठीचे तुकडे प्रयोगशाळेत सिस्प्लॅटिनसमोर ठेवावेत. अशा चाचणीला हजार पेशंट लागत नाहीत. मानेच्या गाठींत आणि फुप्फुसांत गेलेल्या पेशींपर्यंत ही सुई पोचणार नाही, हे मला दिसतं, आणि पुष्कळसे मृत्यू तिथेच होतात. पण कोणतं जनुक गप्प केल्यावर सिस्प्लॅटिन पुन्हा लागू पडतं हे माणसाच्या गाठीत एकदा कळलं, की पोचवण्याच्या संशोधनाला नेम मिळतो. हजारो पेशंटांच्या चाचणीआधी ही छोटी पायरी पक्की व्हायला हवी.

हे नागपुरात व्हावं यासाठी लागणारं बरंच काही नागपुरात आहे. तुकडोजी चौकातलं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मिळून तोंडाच्या कॅन्सरचे जेवढे पेशंट पाहतात, तेवढे युरोपातल्या कित्येक देशांना पाहायला मिळत नसतील. आरएनए गुंडाळायचे कण स्निग्ध पदार्थांचे असतात, आणि तेल-स्निग्धांचं रसायनशास्त्र रामदासपेठेपासून जवळच, अमरावती रोडवरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (एलआयटी) पिढ्यान्पिढ्या शिकवलं गेलं आहे. पुण्याच्या जेनोव्हाने २०२२ मध्ये एमआरएनएची लस मंजुरीपर्यंत नेली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून निघालेली नेक्सकार१९ ही पेशींची उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली आणि परदेशातल्या किमतीच्या एका अंशात मिळू लागली. महाराष्ट्रात हे होत नाही, असं आता कुणी म्हणू शकत नाही.

माझे काही मित्र म्हणतात, हा पैसा खर्रा सोडवण्यावर खर्च करा. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. २०१२ ला गुटखाबंदी झाली, खर्रा पानठेल्यावर हातानेच बनत राहिला, आणि तो थांबवणं हे कोणत्याही इंजेक्शनपेक्षा जास्त जीव वाचवेल. पण आज रामदासपेठेत फाईल घेऊन आलेल्या माणसाचा आजार केवळ खर्रा सोडून बरा होणार नाही. त्याला सांगायला आपल्याजवळ काही हवं. दोन्ही कामं एकाच जिल्ह्यात, एकाच वेळी चालू शकतात, आणि आजार उलटला की पुन्हा बायोप्सी करून तुकडा गोठवून ठेवायला काही कोटींची प्रयोगशाळा लागत नाही. त्यासाठी विभागाचा निर्णय लागतो, फ्रीजर लागतो आणि नोंद ठेवणारं माणूस लागतं.

सर्वांत जपून करायचं काम संमतीचं. गडचिरोलीहून आलेल्या, माडिया बोलणाऱ्या बाईला ऑपरेशनआधीच्या या सुईबद्दल तिच्या भाषेत, तिच्या माणसांसमोर सांगावं लागेल: या सुईने तुमचा आजार बरा होईल असं आम्ही म्हणत नाही, तुम्ही नको म्हणालात तरी ऑपरेशन ठरल्या दिवशीच होईल, तुमच्या गाठीचा तुकडा आमच्याकडे राहील आणि त्यातून काही कळलं तर ते तुम्हाला येऊन सांगू. यातलं शेवटचं वाक्य आजवरच्या संशोधनाने सर्वांत कमी पाळलं आहे. चाचणीच्या अर्जात त्यासाठी वेगळा माणूस आणि वेगळा पैसा पहिल्या दिवसापासून लिहिलेला नसेल, तर नैतिकता समितीने तो अर्ज परत करावा.